राक्षसाच्या तारखा

३ जानेवारी, सोमवार

मफलर चुकला. मफलरच! सकाळच्या शॉटमध्ये नायकाच्या डाव्या खांद्यावरून लोंबत होता, दुपारच्या शॉटमध्ये उजव्या. माझ्या वहीत 'डावा' असं स्वच्छ लिहिलेलं. मी वहीकडे बघितलं, माणसाकडे बघितलं नाही. चूक माझी. साहेब ओरडत नाहीत. नुसते बघतात. ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान विषय संपला असता.

माझं काम एवढंच — एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत काही बदलता कामा नये. पेल्यात पाणी किती, कुठली बाही दुमडलेली, मेणबत्ती किती जळलेली. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाकडे हे काम मिळालं ते अक्षर नीट आहे म्हणून. आणि मॅनेजर म्हणतो त्याप्रमाणे, मी स्वतःच्या सावलीचीही मापं घेतो म्हणून.

चहाच्या सुट्टीत साहेबांच्या खुर्चीत त्यांची मुलगी बसली होती. आठ वर्षांची. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, तिला रोज दुपारी तासभर सेटवर घेऊन येतात. युनिटमध्ये सगळे तिला बाईसाहेब म्हणतात. मी समोरून जाताना तोंडातून निघून गेलं — तुमचं दुसरं बटण उघडं आहे, काल लावलेलं होतं.

जीभ चावली. पण ती मागे वळून साहेबांना म्हणाली, "बाबा, तुझ्याकडे एक तरी माणूस आहे ज्याला दिसतं."

साहेब हसले. मफलरचं प्रकरण तिथेच मिटलं.

५ जानेवारी, बुधवार

बाईसाहेबांचं बोलावणं. त्या सिनेमा काढताहेत. मी 'बघणारा माणूस' म्हणून त्यांच्याकडे रुजू. विचारलं कुणी नाही, सांगितलं. माझं नाव आजपासून बटणदादा.

गोष्ट अशी : एका राक्षसाच्या कोटाचं बटण तुटतं. तो शिंप्याकडे येतो. शिंपी घाबरून मशीनखाली लपतो. शिंप्याची मुलगी घाबरत नाही, ती बटण शोधायला लागते. पुढे काय होतं ते ठरायचंय. मी म्हटलं, साहेब तर पुष्कळदा शेवट आधी घेतात. त्यावर त्या म्हणाल्या, "बाबाला शेवट माहीत असतो म्हणून घेतो. मला अजून माहीत नाही."

शिंपी : कपडेपटातले आमचे शिंपीमामा. मुलगी : स्वतः बाईसाहेब, कारण दुसऱ्या मुलीच्या तारखा नाहीत. कॅमेरा : आमचा कॅमेरामन, साहेबांच्या शूटिंगमधून उरलेले फिल्मचे तुकडे वापरून. एकेक तुकडा अर्ध्या मिनिटाचा, कधी त्याहून कमी. जागा : साहेबांच्या घरामागचं अंगण आणि तिथली सामानाची खोली, तेच शिंप्याचं दुकान.

राक्षस : साहेब.

का, असं विचारलं. उंच आहे म्हणून. आणि रविवारी कुणी घरात नसलं की आपोआप राक्षसासारखा फिरतो म्हणून.

१० जानेवारी, सोमवार

आज बाईसाहेबांनी रीतसर मॅनेजरकडे राक्षसाच्या तारखा मागितल्या. मॅनेजरने तितक्याच रीतसर डायरी काढली, थुंकी लावून पानं उलटली, म्हणाला राक्षस फार गुंतलेत, पण तुमच्यासाठी रविवार सोळा काढू. मी पत्र लिहिलं. साहेबांनी सही केली — न वाचता. ते सगळ्यावरच न वाचता सही करतात. मी मात्र चार वेळा वाचलं.

१६ जानेवारी, रविवार

राक्षस आले नाहीत. पटकथेची मंडळी आली होती म्हणे, साहेब त्यांच्याबरोबर बाहेरच्या बाहेर गेले.

बाईसाहेब हटल्या नाहीत. राक्षस गल्लीतून येतो तेव्हा नुसते पाय दिसतील असं त्यांनी ठरवलं. पाय माझे, बूट साहेबांचे. बुटांच्या पुढे वर्तमानपत्र कोंबलं तरी आत माझे पाय पोहत होते. नऊ टेक! प्रत्येक वेळी त्या खुर्चीतून म्हणायच्या, "अजून एकदा." साहेब म्हणतात अगदी तसंच, न चिडता. त्याने माणूस जास्त घाबरतो.

"बटणदादा, तुझे पाय माफी मागत चालतात."

दुपारी तीन ते चार सुट्टी. त्या झोपतात. सगळ्यांना हे आधीच माहीत होतं, कॅमेरामनने न सांगता भिंगावर टोपी घातली. वहीत लिहिलं : ३ ते ४, विश्रांती.

शाळेत जात नाहीत त्या. घरी बाई येतात शिकवायला. मोठ्या लोकांचं असंच असेल.

२३ जानेवारी, रविवार

राक्षस नाहीत. शिंपीमामा मशीनखाली लपले ते अडकले. दोघांनी ओढून काढले. बाईसाहेब हसून हसून खुर्चीत आडव्या, पण 'कट' म्हणाल्या नाहीत. सगळं फिल्मवर आलंय. मामा म्हणाले, माझ्या सुनेला हे दाखवायचं नाही.

३० जानेवारी, रविवार

तिसरा रविवार. राक्षस नाहीत! फोन आला, एक लोकेशन बघायचंय. बाईसाहेबांनी फोन कानाला लावून नुसतं 'बरं' म्हटलं. मग मला वही घ्यायला सांगितली. खालचं पत्र त्यांनी तोंडी सांगितलं, मी उतरवून घेतलं. एक शब्दही माझा नाही.

'राक्षस यांस — तीन रविवार तारीख देऊन आपण आला नाहीत. शिंपी वेळेवर आला. बटण वेळेवर आलं. आपले बूटसुद्धा वेळेवर आले. फक्त आपण आला नाहीत. म्हणून आपल्याला या सिनेमातून काढण्यात येत आहे. बूट परत मिळणार नाहीत.'

उद्या हे मी नेऊन द्यायचंय. मी! देशात ज्यांच्याकडे एका दृश्यासाठी लोक वर्षवर्ष थांबतात त्यांना!

३१ जानेवारी, सोमवार

दिलं. साहेबांनी या वेळी वाचलं. दोनदा वाचलं. घडी करून वरच्या खिशात ठेवलं. मला वाटलं संपलो.

हळूच म्हणाले, "राक्षसाला दाद मागायची सोय आहे का?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.

विचारलं. आहे. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत परीक्षा. रांगेत उभं राहायचं.

३ फेब्रुवारी, गुरुवार

रांगेत साहेब एकटेच. तरी रांगेत उभे होते.

त्यांनी राक्षस करून दाखवला. हात वर, डोळे मोठे, डरकाळी. दिवे लावणारी पोरं टाळ्या वाजवायला लागली. बाईसाहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"तुम्ही फार करताय. राक्षसाला माहीत नसतं की आपण राक्षस आहोत. त्याला फक्त बटण हवं असतं."

साहेबांनी वर केलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "मॅडम, परत करू?" परत केलं. या वेळी नुसते आले आणि कोटाकडे बघत उभे राहिले. ठेवून घेतलं, पण कच्चं. तारीख : येता रविवार.

दुपारी नायकाने पाच वेळा वाक्य चुकवलं तरी साहेब शीळ घालत होते.

६ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू. जे झालं ते क्रमाने लिहितो.

राक्षस आले. वेळेआधी आले! वहिनींनी सगळ्यांना आधी जेवायला बसवलं. साहेब, वहिनी, बाईसाहेब, मॅनेजर, कॅमेरामन, शिंपीमामा, मी. मी ताटाशेजारी वही ठेवली होती, मागच्या शॉटशी सगळं जुळतंय ना हे बघत होतो. एक गोष्ट जुळेना. बाईसाहेबांच्या फ्रॉकवरचा चामड्याचा पट्टा. सोळा तारखेला तिसऱ्या भोकात. तेवीसला चौथ्या. आज सहाव्या — आणि पट्ट्याला भोकं पाचच होती. सहावं कुणीतरी नव्याने पाडलेलं.

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने. माझं कामच ते आहे! वर उपायही सुचवला — फ्रॉकच्या आत कापडाची घडी बांधली तर कंबर पूर्वीइतकी दिसेल.

कुणाचा घास वर जाईना. वहिनींनी डाव भांड्यात ठेवला, सावकाश, आवाज न करता, आणि उठून आत गेल्या. शिंपीमामा ताटात बघत राहिले. फक्त बाईसाहेब जेवत होत्या.

साहेब म्हणाले, "बरोबर आहे. लिहून ठेव." मग हात धुतले आणि गाडी घेऊन निघून गेले. शूटिंग रद्द.

मॅनेजरने मला दंडाला धरून बाहेर पायरीवर नेलं. म्हणाला, गाढवा, तुला खरंच माहीत नव्हतं? रक्ताचा आजार. दोन वर्षं झाली. औषधं करून झाली. हे वर्ष पुरं होईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. तेव्हापासून या घरात काही मोजत नाहीत. वजनाचा काटा देऊन टाकला. दाराच्या चौकटीवर उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, सहाव्या वाढदिवसानंतर एकही नाही. शिंपीमामा दर महिन्याला त्याच कापडाचा तोच फ्रॉक एक बोट लहान शिवून आणतात, नजरेच्या अंदाजाने, टेप न लावता. पट्टा तेवढा सगळे विसरले.

आणि साहेब? साहेबांनी गेल्या दोन वर्षांत तीन सिनेमे केले. एक दिवस रिकामा ठेवत नाहीत.

ज्या घरात मोजायचं नाही असा नियम, तिथे जेवायला बसून मी आकडे वाचून दाखवले.

७ फेब्रुवारी, सोमवार

राजीनामा लिहिला. तीन खर्डे झाले. पहिल्यात फार रडारड होती, दुसऱ्यात कमी पडली.

तो घेऊन घरी गेलो तर साहेब नव्हते. बाईसाहेब अंगणात खुर्चीत, पायावर शाल. राजीनामा त्यांनीच घेतला आणि वाचला.

"तू वेडा आहेस का, बटणदादा? मला माहीत आहे की. आईला वाटतं मला माहीत नाही. बाबाला वाटतं आईला अर्धंच माहीत आहे. शिंपीमामांना वाटतं फ्रॉक कुणाला कळत नाही. मी सगळ्यांचं सांभाळते. कंटाळा येतो."

मी म्हटलं, चूक झाली.

"चूक नाही. आता बाबा येईल बघ. आता त्याला 'काम आहे' म्हणता येणार नाही."

राजीनाम्याचं विमान केलं. बरं उडालं. सिनेमा पुरा झाल्याशिवाय कलाकाराला सोडत नाहीत, असं म्हणाल्या. मी म्हटलं, मी कलाकार नाही. म्हणाल्या, पाय कुणाचे आहेत मग?

पट्ट्याचं त्यांनीच सोडवलं. गोष्टीतली मुलगी बटण शोधायला खाली वाकते तेव्हा पट्टा निघून पडतो आणि राहून जातो. पुढे पट्टाच नाही. साधं! मला आत कापड बांधायचं सुचलं होतं.

निघताना वहिनी दारात. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं सगळे मला सूप छान झालंय म्हणून सांगतात. काल पहिल्यांदा मी खोलीत जाऊन रडले. चहा घेऊन जा."

चहा घेतला. साखर नव्हती. सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी मोठं शूटिंग बेमुदत थांबवलंय. मॅनेजर डोकं धरून बसलाय. राक्षसाने सगळ्या तारखा दिल्या.

१० फेब्रुवारी, गुरुवार

मोठा दिग्दर्शक लहान नट असतो, हे आज कळलं. साहेब दर शॉटआधी विचारतात — राक्षस आत्ताच का येतो? सकाळी त्याने काय खाल्लं? त्याला भाऊ आहे का? बाईसाहेब म्हणाल्या, तुमचं काम येणं आणि उभं राहणं, बाकी मी बघते. साहेब कॅमेरामनला म्हणाले, माझ्या नटांनी इतकी वर्षं मला मारलं कसं नाही?

राक्षस जास्त उंच दिसावा म्हणून लांब कोटाच्या आत खोका. त्यावर उभं राहून वाकायचं. पाचव्या टेकला खोका मोडला. साहेब शिंपीमामांच्या अंगावर, मामा मशीनवर, मशीन चालू! वहिनी खिडकीतून बघत होत्या. त्या हसल्या. त्यांचा हसण्याचा आवाज मी आजवर ऐकलाच नव्हता — बारीक, शिंकेसारखा. साहेब खाली पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत राहिले.

कॅमेरामन म्हणाला, तुकडा मधेच संपला, पडणं अर्धंच आलं.

"राक्षसांची चूक आहे. फार सावकाश पडले."

१४ फेब्रुवारी, सोमवार

वहिनींना गिऱ्हाइकाची भूमिका. त्या दोन टेकमध्ये पास. साहेबांची मान खाली.

१९ फेब्रुवारी, शनिवार

बाईसाहेबांना आता जिना उतरवत नाही. काम मात्र थांबलेलं नाही. पलंग वरच्या खिडकीशी सरकवलाय. रुमाल एकदा हलला की सुरू, दोनदा हलला की कट. निरोप न्यायला मी. बावीस पायऱ्या. मोजल्या — मोजून झाल्यावर आठवलं की इथे मोजायचं नसतं. वर जाऊन तसं कबूल केलं. त्या म्हणाल्या, आता मोजायला हरकत नाही, तूच सुरुवात केलीस. मग आम्ही औषधाच्या बाटल्या मोजल्या, अकरा. पडद्यावरची फुलं, दोनशे चार. त्यांच्या मते दोनशे पाच. वाद चालू आहे.

खाली साहेबांचं लक्ष लागत नव्हतं. सारखे वर बघायचे. सातव्या टेकनंतर बाईसाहेबांनी मला वर बोलावून निरोप दिला. मी खाली येऊन तो जसाच्या तसा सांगितला : राक्षसाने खिडकीकडे बघू नये. गोष्टीत तिथे कुणी नाही.

साहेब 'बरं' म्हणाले. कोटाला बटण नसलेली जागा हाताने चाचपत उभे राहिले. पुढचा टेक पास झाला. कॅमेरामन म्हणाला, इतका चांगला शॉट साहेबांच्या स्वतःच्या सिनेमात नाही. मी हे कुणाला सांगणार नाही.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

काम नाही. डॉक्टर येऊन गेले. शिंपीमामा अंगणात बसून बटणं निवडत होते — एकाच रंगाची, एकाच मापाची. दुसरं काही सुचेना म्हणून.

१ मार्च, मंगळवार

बाईसाहेब बसल्या. अर्धं अंडं खाल्लं. मुलीला बटण सापडतं तो शॉट पलंगावरच घेतला. फक्त हात आणि बटण. हाताच्या पाठीवर सुईच्या निळ्या खुणा होत्या. मागच्या शॉटमध्ये नव्हत्या. मी वही उघडली, बंद केली. त्यांनी बघितलंच.

"लिही की. तुझं काम आहे."

लिहिलं. मग हात उलटा धरला, तळवा वर. खुणा दिसेनाशा झाल्या, बटण जास्त छान दिसलं.

६ मार्च, रविवार

शेवट सापडला!

सकाळीच मला वर बोलावलं. साहेब तिथेच पलंगाच्या पायथ्याशी खुर्चीत, दाढी वाढलेली. आवाज अगदी बारीक झालाय, म्हणून मी जवळ वाकून लिहून घेतलं. शॉट असा :

राक्षसाच्या कोटाला बटण लागलं. तो दुकानातून निघतो. अंगण ओलांडून फाटकापर्यंत जातो, फाटक उघडतो, बाहेर जातो. बस.

साहेबांनी विचारलं, त्याला वाईट वाटत असतं का? त्या म्हणाल्या, कशाला? बटण लागलं ना.

मग मागे वळून बघतो का?

नाही. आणि घाईने जायचं नाही. "घाई केली तर वाटेल पळून चालला. तो पळत नाही. घरी जातो. घरी जाताना माणूस जसा चालतो ना, तसं."

एवढं सावकाश चालायला लांब फिल्म लागेल, तुकड्यावर भागणार नाही. कॅमेरामनला विचारून सांगतो, असं मी म्हटलं. साहेब म्हणाले, नवा डबा फोडू, आत्ता घेऊ, मी कोट घालून येतो. उठलेसुद्धा.

बाईसाहेबांचे डोळे मिटत होते. "आज नको. आज झोप येते. राक्षसाला येत्या रविवारची तारीख द्या."

मी वहीत लिहिलं : १३ मार्च, सकाळी दहा, राक्षस. साहेबांपुढे धरलं. त्यांनी वाचून सही केली.

१३ मार्च, रविवार

परवा सकाळी बाईसाहेब गेल्या.

आज कुणी येईल असं वाटलं नव्हतं. मी फक्त वही परत ठेवायला गेलो होतो. दहा वाजता सगळे अंगणात. कॅमेरामनने नवा डबा फोडला. शिंपीमामांनी कोटाचं बटण ओढून बघितलं. वहिनी पायरीवर बसल्या. राक्षस दुकानाच्या दारात उभे होते, वेळेआधी.

साहेबांनी मला शॉट वाचून दाखवायला सांगितला. वाचला. 'घरी जाताना माणूस जसा चालतो' इथपर्यंत. बराच वेळ गेला आणि माझ्या लक्षात आलं, ते माझी वाट बघताहेत. मी 'सुरू' म्हणालो.

साहेब चालले. फाटक उघडलं, बाहेर गेले. मी कट म्हणालो. ते आत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले, परीक्षेच्या रांगेत उभे होते तसे.

भराभर चालले होते. अंगण पंधरा पावलांत संपवलं. कॅमेरामन माझ्याकडे बघून मान हलवत होता — चालेल, पास कर, जाऊ दे. वहिनी खाली बघत होत्या.

"साहेब," मी म्हणालो, "घाई झाली. अजून एकदा."

ते दुकानाच्या दारात परत जाऊन उभे राहिले.